रिद्धपुरातले पाठभेद

मराठी चित्रपटाच्या इतिहासाचा आरंभ कोठून करावा, असे विचारले तर बहुतेक जण ३ मे १९१३ ही तारीख सांगतील. गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात त्या दिवशी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. आमच्या मते आरंभ त्याआधीचा आहे, आणि तो कुणी चित्रपट काढल्याचा नसून कुणी चित्रपट पाहिल्याचा आहे. मुंबईच्या अमेरिका-इंडिया चित्रगृहात एका प्रेक्षकाने ख्रिस्तचरित्रावरचा पट पाहिला आणि पडद्यावर येशू दिसत असताना त्याच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण उभा राहिला. धुंडिराज गोविंद फाळके यांनी हा अनुभव १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिला. म्हणजे घटनेनंतर सहा-सात वर्षांनी, स्मरणावरून. हा खेळ १९१०च्या नाताळातला की १९११च्या ईस्टरचा, याविषयी दोन मते आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी याला पाठभेद म्हणण्यास हरकत नसावी.

फाळक्यांनंतर मात्र हा प्रेक्षक इतिहासातून जवळजवळ नाहीसा होतो. पुढचा इतिहास काढणाऱ्यांचा आहे: कंपन्यांचा, दिग्दर्शकांचा, नटनट्यांचा, पारितोषिकांचा. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची (१९३६) व्हेनिस महोत्सवात दखल घेतली गेली हे आपण पाठ केलेले असते, तो मुंबईत सत्तावन्न आठवडे चालला हेही. त्या सत्तावन्न आठवड्यांत घरी परतणारी माणसे एकमेकांशी काय बोलली, हे त्या आकड्यातून समजत नाही. प्रेक्षक म्हणजे तिकिटांची बेरीज. आणि आता तर ती बेरीजही आपल्यासमोर येत नाही, कारण चित्रपट घरी येतो, चार माणसे तो पाहतात, दिवा मालवतात आणि निजतात.

रिद्धपुरात राहून चित्रपट पाहणाऱ्याला ही गोष्ट जरा अधिक टोचते. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले हे गाव एरवी संत्र्याच्या मुलखातले एक गाव. पण मराठी गद्याचा विचार करणाऱ्याला ते टाळून पुढे जाता येत नाही. येथे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, राहिले. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि इतर शिष्य येथेच त्यांच्या सेवेसाठी आले, आणि येथेच, परंपरेप्रमाणे वाजेश्वरीच्या स्थानी, म्हाइंभटाने शके १२००च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८च्या आसपास, ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले.

म्हाइंभट सराळ्याचा विद्वान, वादासाठी चक्रधरांकडे आलेला आणि शिष्य झालेला. चक्रधरांनी स्वतः काही लिहून ठेवले नव्हते. जे होते ते पाहणाऱ्यांच्या आठवणींत होते, आणि हे पाहणारे सगळे काही पंडित नव्हते. म्हाइंभट त्यांच्याकडे गेला, त्यांना विचारले, ऐकलेले नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. जेथे दोघांच्या आठवणी जुळत नव्हत्या, तेथे एकीला खोडून दुसरी ठेवण्याचा मोह या परंपरेने पुष्कळ ठिकाणी आवरला; अमका असे म्हणतो, तमकी असे म्हणते, अशी नोंद करून दोन्ही ठेवल्या. पुढे यादवांच्या राज्यावर उत्तरेकडून स्वाऱ्या झाल्या, त्या धामधुमीत मूळ पोथी गेली असे पंथाची परंपरा सांगते, आणि मग हिराइसा व इतरांनी आपापल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. आज जे वेगवेगळे पाठ आपण अभ्यासतो, त्यांच्या मुळाशी ही नष्ट झालेली पोथी आहे.

असो. हे सारे आठवण्याचे निमित्त एक साधी वही आहे. गेले वर्षभर आमच्या घरी आठवड्यातून एकदा चित्रपट पाहिला जातो. घरची माणसे, शेजारचे दोघेतिघे, कधी एखादा विद्यार्थी. आमच्या वडिलांच्या पिढीने चित्रपट पाहिला तो टुरिंग टॉकीजच्या तंबूत. आमच्या लहानपणी लग्नाच्या किंवा गणपतीच्या निमित्ताने व्हीसीआर भाड्याने येई आणि एका रात्रीत तीन चित्रपट उरकले जात. आता भिंतीवरचा टीव्ही आणि त्याच्या मागे इंटरनेट. कोण काय म्हणाले ते आम्ही वहीत उतरवतो. समीक्षा म्हणून नव्हे.

या वहीतली सर्वांत भरलेली पाने ‘द डिसायपल’ची आहेत. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, तेथे पटकथेचे पारितोषिक त्याला मिळाले, आणि ३० एप्रिल २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. म्हणजे बहुसंख्य मराठी प्रेक्षकांनी तो पाहिला असेल तर घरीच. शरद नेरुळकर हा ख्याल गायकीचा विद्यार्थी. त्याच्या गुरुजींच्या गुरू माई. त्यांनी आपले गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. उरली आहेत ती त्यांच्या व्याख्यानांची मुद्रणे. शरद ती कानांत घालून रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवतो. माईंचा आवाज दिवंगत सुमित्रा भावे यांचा.

ही दृश्ये संथ आहेत, मुद्दाम संथ. आमच्याकडे पहिल्या वेळी ती सुरू झाल्यावर शेजारच्या काकांनी “काहून इतकं हळू चालते हे पिच्चर, बाप्पा!” असे म्हणून रिमोटकडे हात केला. दहा सेकंद पुढे नेण्याची सोय हा घरच्या प्रेक्षकाचा नवा अधिकार आहे. चित्रपटगृहात कंटाळलेला माणूस खुर्चीत चुळबुळ करतो किंवा उठून जातो. घरी तो चित्रपटच कापतो. आम्ही वहीत ही नोंद ठेवली आहे: अमुक दृश्याला हात रिमोटकडे गेला. तिसऱ्या वेळी हात गेला नाही, हेही त्याखाली आहे. काकांना माईंचे बोलणे ऐकायचे होते. त्यांच्या मते ते “आमच्याइकडच्या निरूपणासारखं” होते.

पण आम्हांला या चित्रपटात खिळवून ठेवले ते दुसऱ्याच प्रसंगाने. दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा एक संग्राहक शरदला भेटतो. त्याने या मंडळींना जवळून पाहिले आहे. तो माईंविषयी आणि गुरुजींविषयी अप्रिय गोष्टी सांगू लागतो, काहीशा तुच्छतेने, काहीशा चवीने. शरद थोडा वेळ ऐकतो आणि हातातला पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो. हा प्रसंग पाहताना आमच्या घरात शांतता पसरली, आणि नंतर जो वाद झाला तो तासभर चालला. एकीचे म्हणणे, संग्राहक खोटे बोलत होता आणि त्याला मिळायचे ते मिळाले. दुसऱ्याचे म्हणणे, तो खरे बोलत होता म्हणूनच पेला फेकावा लागला. आमच्याकडे आलेला एम. ए.चा विद्यार्थी म्हणाला की खरेखोटे गौण आहे. शरदला माई हव्यात त्या फक्त आवाजातल्या, माणसातल्या नकोत.

आम्हांला त्या क्षणी गोविंदप्रभूंचे चरित्र आठवले. ‘ऋद्धिपुरचरित्र’ या नावानेही ओळखला जाणारा हा ग्रंथ म्हाइंभटाचाच मानला जातो. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्यापासून तो बाहेरच्या अभ्यासकांनाही परिचित आहे. ज्यांना पंथ ईश्वरावतार मानतो, त्या राउळांचे वर्तन या चरित्रात जसे दिसले तसे येते: ते कुणाच्याही घरात शिरून खातात, मुलांत खेळतात, रागावतात, मारतात, त्या काळी अस्पृश्य मानलेल्यांच्या घरीही जातात, गावातले काही लोक त्यांना वेडा समजतात आणि तेही ग्रंथात येते. संग्राहकाने जे सांगितले असते, ते येथे शिष्यांनीच सांगून ठेवले आहे. शरदच्या हातून पेला सुटतो, कारण त्याच्याजवळ आठवणींचा एकच पाठ आहे आणि त्याला दुसरा सोसवत नाही. रिद्धपूरच्या शिष्यांची भक्ती शरदपेक्षा कमी होती असे कोण म्हणेल? तरी त्यांच्या भक्तीला विचित्र आठवणीचे भय वाटले नाही. चित्रपटाच्या दिग्दर्शकाच्या मनात हे काही असण्याचे कारण नाही. पण प्रेक्षक जेथे बसलेला असतो, तेथून पाहतो.

अर्थात या परंपरेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हेच ग्रंथ पुढे सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद झाले आणि शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्यांचा पत्ता नव्हता. ह. ना. नेने यांनी १९३०च्या दशकात आणि वऱ्हाडातच अध्यापन केलेल्या वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये ‘लीळाचरित्र’ संपादून छापले, तेव्हा कुठे ते आपल्या हाती आले. जपणे आणि दडवणे यांत अंतर फार नसते. माईंचे गाणे मुद्रित होऊ न देण्यातही ते फारसे नाही.

‘कोर्ट’ (२०१४) आम्ही पाहिला तो मुख्यतः वीरा साथीदार यांच्यासाठी. नागपूरचे हे कार्यकर्ते आणि शाहीर एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. त्यावर वहीत फारसे नाही. एकच नोंद सांगण्यासारखी: पोलिसांचा तो ठरीव पंच, जो अनेक खटल्यांत साक्ष देतो, त्याला पाहून घरातली आजी म्हणाली, “याले सारंच दिसते.” साक्षीवरची याहून बरी टीका आम्ही वाचलेली नाही.

‘स्थळ’ची गोष्ट वेगळी. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा चित्रपट २०२३ मध्ये टोरंटो महोत्सवात नेटपॅक पारितोषिक घेऊन आला आणि ७ मार्च २०२५ रोजी आपल्याकडे प्रदर्शित झाला. चंद्रपूरकडचे गाव, गावातलीच माणसे, त्यांचीच बोली. सविता नावाच्या शिकणाऱ्या मुलीला पाहायला पाहुणे येतात, तेच प्रश्न विचारतात, निघून जातात. पुन्हा येतात दुसरे, आणि प्रश्न तेच. आमच्याकडे पहिल्या कांदेपोह्यांना सगळ्या बायका हसल्या. बोली ऐकून हसल्या असाव्यात असे प्रथम वाटले, कारण विदर्भाची बोली पडद्यावर आली की ती विनोदासाठीच येते याची आपल्याला सवय झालेली आहे. दुसऱ्या वेळी हसू कमी झाले. तिसऱ्या वेळी कुणी हसले नाही, आणि एक जण उठून स्वयंपाकघरात गेली ती चित्रपट संपेपर्यंत आली नाही. नंतर तिने सांगितले की तिला पाहायला अकरा स्थळे आली होती आणि उंची दर वेळी विचारली होती. ही आठवण घरात आजवर कुणाला ठाऊक नव्हती.

कोणत्या समीक्षेत हे येईल? चित्रपटाची लांबी, छायालेखन, नवख्या नटांचे काम, याविषयी पुष्कळ लिहिता येते, आणि ते लिहिलेही पाहिजे. पण बाईचे उठून जाणे हाही ‘स्थळ’चा एक पाठ आहे, तो रिद्धपुरात घडला, आणि आम्ही तिच्या अनुमतीने, नावाशिवाय, तो येथे नोंदवीत आहोत.

नोंदवण्याची घाई का, याचेही कारण आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात जुन्या प्रभातच्या आवारातील साठवणीत आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटवरची अनेक रिळे जळून गेली. ‘राजा हरिश्चंद्र’चाही थोडाच भाग आज उरलेला आहे. ही झाली दिसणारी हानी. घरच्या पडद्यावरच्या चित्रपटाला आग लागत नाही. एखाद्या महिन्याअखेर हक्कांचा करार संपतो आणि काल यादीत असलेले नाव आज नसते. पाहणाऱ्याजवळ ना रीळ, ना कॅसेट, ना तबकडी. त्याच्यापाशी पुन्हा स्मरणच उरते, हिराइसेपाशी होते तसे.

रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ २०२४ मध्ये सुरू झाले. तेथे पोथ्यांचे पाठ लावण्याचे शिक्षण मिळेल अशी आशा आहे. आमच्या वहीचे पाठ लावण्याचे काम मात्र अजून अडले आहे. ‘द डिसायपल’च्या शेवटी शरद मैफल अर्ध्यात टाकून उठतो. पुढे तो बायको आणि मुलीसह आगगाडीत बसलेला दिसतो, आणि डब्यातून एक गाणारा माणूस जातो. शरद त्याच्याकडे पाहतो. या पाहण्यापाशी आमच्याकडे तीन नोंदी आहेत. आजी म्हणते, तो हरला. काका म्हणतात, तो सुटला. विद्यार्थी म्हणतो, तो पहिल्यांदा नुसते ऐकत होता. आम्ही ते दृश्य चार वेळा मागे नेऊन पाहिले आणि तिन्ही नोंदी, सांगणाऱ्यांच्या नावांसह, तशाच ठेवल्या आहेत.