वार्नातली एक रात्र

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की आमच्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, "दोघंही घाबरले!" अशा नातेवाइकांसाठी (नावं घेत नाही, तुम्ही हे वाचताय ते ठाऊक आहे) आज एक डाव.

१९६२ साल, बल्गेरियातलं वार्ना, बुद्धिबळ ऑलिंपियाड. पांढरी मोहरी जगज्जेत्या मिखाईल बोत्विनिककडे. वय ५१, शिक्षणाने विद्युत अभियंता आणि स्वभावही तसाच, सगळं आधी घरी तपासून येणारा. काळी मोहरी १९ वर्षांच्या बॉबी फिशरकडे. त्याच ऑगस्टमध्ये फिशरने एका अमेरिकन साप्ताहिकात जाहीर आरोप केला होता, की क्युरासाओच्या स्पर्धेत पेट्रोशन, केरेस आणि गेलर या सोव्हिएत खेळाडूंनी आपापसातले डाव ठरवून बरोबरीत सोडवले. तिघांचे एकमेकांशी १२ डाव झाले होते आणि बाराही बरोबरीत! यातलं गेलर हे नाव लक्षात ठेवा.

बोत्विनिकने ग्रुनफेल्ड बचावाची एक फांदी घरून तयार करून आणली होती. सतराव्या खेळीला त्याने प्यादं पुढे ढकलून फिशरच्या वजिरावर हल्ला केला. त्याचा स्वतःचा वजीरही घोड्याच्या तोंडी होताच, पण फिशरने तो घेतला तर पांढरं प्यादं काळा वजीर खाऊन पुढच्या मोहऱ्यांवर चालून जाणार, असा हिशोब. फिशरने वजीर वाचवला नाही की लगेच वजीर मारलाही नाही. त्याने आपल्याच वजिराने आधी एक प्यादं उचललं, उंटाच्या अगदी समोर. आता उंटाने वजीर मारला की घोडा वजीर मारणार, आणि प्यादं फुकट. घरच्या तयारीत ही खेळी आपल्या नजरेतून सुटली, असं बोत्विनिकने स्वतः लिहिलं आहे.

पुढे हत्तींचा अंतिम डाव आला. फिशरकडे चार प्यादी, बोत्विनिककडे तीन. डाव तहकूब झाला, फिशरची खेळी लिफाफ्यात बंद झाली आणि बोत्विनिकचे सहकारी रात्री पटाभोवती बसले. उपाय सापडला तो गेलरला. आपलं कडेचं प्यादं वाचवायचंच नाही, ते देऊन पलीकडचं घ्यायचं. म्हणजे शत्रूला डाव्या बाजूला जोडीने धावणारी दोन मोकळी प्यादी आंदण द्यायची! कोणीही शहाणा माणूस हे करणार नाही. पण मग पांढरा हत्ती मागून काळ्याच्या उजवीकडच्या एकुलत्या प्याद्याला खिळवून ठेवतो, आणि ती जोडी दिसते तितकी भयंकर उरत नाही.

'एक पोरगा विरुद्ध अख्खी सोव्हिएत यंत्रणा' अशी ही गोष्ट सांगितली जाते. मला ती अर्धीच पटते. तहकूब डावावर मदत घेणं तेव्हा नियमात बसत होतं आणि रात्र दोघांनाही तेवढीच मिळाली होती. दुसऱ्या दिवशी ५१व्या खेळीला फिशरने जोडीतलं एक प्यादं पाचव्या ओळीत आणलं. बोत्विनिकने लगेच आपलं प्यादं बळी दिलं, हत्तीने शह दिला आणि त्याच ओळीतलं ते प्यादं टिपलं. जोडी फुटली, तिथेच सगळं संपलं. तरी डाव ६८ खेळ्यांपर्यंत चालला. फिशर पांढराफटक पडला आणि हस्तांदोलन करून डोळ्यांत पाणी घेऊन निघून गेला, असं बोत्विनिक लिहितो.

दोघं पुन्हा कधीच खेळले नाहीत. लेडनला दोघांचा सामना व्हायचा घाटत होता, तो फिसकटला. १९७० मध्ये बोत्विनिकने स्पर्धा खेळणं सोडलं.

फिशरने मात्र हा डाव सोडला नाही. १९६९ च्या आपल्या पुस्तकात निवडलेल्या ६० डावांमध्ये अवघे नऊ बरोबरीचे, त्यात हा एक. प्यादं ढकलण्याऐवजी राजा पुढे नेला असता तर मी जिंकलो असतो, असा त्याचा दावा. बोत्विनिकला तो मान्य नव्हता. त्याने हा अंतिम डाव आपल्या बुद्धिबळ शाळेतल्या मुलांना गृहपाठ म्हणून दिला. फिशरच्या वाटेवरही बरोबरीचा मार्ग शोधून आणला तो १३ वर्षांच्या एका मुलाने. त्याचं नाव गॅरी कास्पारोव्ह.