बाल बेसबॉल : आनंद टिकवणारे प्रशिक्षण

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट या शहरात कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ साली अवघ्या तीन संघांसह मुलांची बेसबॉल स्पर्धा सुरू केली. प्रौढांच्या मैदानावर दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. एवढे अंतर धावताना आणि तेथून चेंडू फेकताना लहान मुलांची दमछाक होते, हे पाहून स्टॉट्झ यांनी ते ६० फुटांवर आणले. पुढे 'लिटल लीग' या नावाने जगभर पसरलेल्या या चळवळीचा प्रारंभ असा मैदानाची मापे बदलण्यातून झाला. या स्पर्धांतील बहुतांश प्रशिक्षक आजही मानधन न घेता काम करणारे पालक असतात. खेळ शिकवत असतानाच त्याची गोडी कशी टिकवावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रत्येक हंगामात उभा राहतो.

बेसबॉलच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड आहे. फुटबॉलमध्ये सगळीच मुले चेंडूमागे धावत असतात. बेसबॉलमध्ये मात्र बराच वेळ खेळ चालतो तो चेंडू फेकणारा पिचर, समोरचा फलंदाज आणि त्याच्या मागे बसलेला कॅचर या तिघांमध्ये. उरलेली मुले उभी असतात. विशेषतः मैदानाच्या उजव्या टोकाला चेंडू क्वचितच जातो, कारण बहुतेक मुले उजव्या हाताने खेळतात आणि त्यांचे फटके डावीकडे वळतात. त्यामुळे संघातले सर्वांत कच्चे मूल उजवीकडे उभे करण्याची जुनी प्रथा आहे. तेथे उभे राहून ते गवत उपटत बसले, तर दोष त्याचा म्हणता येत नाही.

दुसरी अडचण अपयशाची. दहा प्रयत्नांत तीन वेळा यशस्वी फटका मारणारा व्यावसायिक फलंदाज उत्तम समजला जातो. म्हणजे उत्तम खेळाडूही बहुतेक वेळा निराश होऊनच परततो. क्रिकेटची सवय असलेल्या वाचकांना हे प्रमाण चमत्कारिक वाटेल. दहा वर्षांच्या मुलाला ते समजावून सांगणे त्याहून कठीण असते.

सिएटलमधील अभ्यास

वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मैदानावर बसून प्रशिक्षकांच्या वर्तनाची पद्धतशीर नोंद घेतली. मुलाने चूक केल्यावर प्रशिक्षक काय बोलतो, चांगल्या खेळानंतर काय करतो, कधी गप्प राहतो, हे सारे त्यांनी टिपले आणि हंगामाअखेरीस मुलांच्या मुलाखती घेतल्या. संघाने किती सामने जिंकले यावर प्रशिक्षकाविषयीची मुलांची आवड अवलंबून नव्हती, असे त्यांना आढळले. प्रयत्नांचे कौतुक करणारे, चुकीनंतर धीर देणारे आणि खेळाचे तंत्र नीट समजावून सांगणारे प्रशिक्षक मुलांना प्रिय होते. आपले आईवडील प्रशिक्षकावर कितपत खूश आहेत, याचा संबंध मात्र मुलांनी जय-पराजयाशी जोडला होता. घरच्या मंडळींच्या अपेक्षा मुलांच्या ध्यानात किती अचूक येतात, याचा हा बोलका पुरावा मानावा लागेल.

आपण मुलांशी कसे वागतो, याची प्रशिक्षकांना स्वतःला फारशी कल्पना नसते, ही त्याच अभ्यासातील आणखी एक नोंद.

या निष्कर्षांवर आधारित एक छोटा अभ्यासवर्ग तयार करण्यात आला. त्याच्या परिणामांविषयी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातील आकडे विचार करायला लावणारे आहेत. अभ्यासवर्गाला न गेलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतील २६ टक्के मुले पुढच्या हंगामात परतली नाहीत. अभ्यासवर्ग पूर्ण केलेल्या प्रशिक्षकांच्या बाबतीत हे प्रमाण ५ टक्के होते. दोन्ही गटांतील संघांच्या जय-पराजयात मात्र लक्षणीय फरक नव्हता.

चूक झाल्यानंतरच्या काही क्षणांत काय करावे, याबाबत या अभ्यासवर्गातील सूचना साधी आहे. प्रथम प्रयत्नाची दखल घ्यावी, मग पुढच्या वेळी नेमके काय करायचे ते एका वाक्यात सांगावे आणि शेवट धीर देऊन करावा. जमिनीवरून आलेला चेंडू पायांतून निसटला, तर 'चेंडूसमोर वेळेवर आलास, आता गुडघे अधिक वाकव, पुढचा नक्की अडवशील' एवढे पुरे. नुसती वाहवा येथे उपयोगी पडत नाही, कारण आपल्याला जमले नाही हे मुलाला ठाऊकच असते.

सरावाच्या वेळी एकाने फलंदाजी करायची आणि बाकीच्या अकरा जणांनी पाहत राहायचे, ही पद्धत अनुभवी प्रशिक्षक टाळतात. मुलांचे तीन-चार जणांचे गट करून एकीकडे झेल, दुसरीकडे फलंदाजी, तिसरीकडे बेसकडे धावणे, असे सुरू ठेवले आणि काही मिनिटांनी गट फिरवले, की प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू अनेक पटींनी अधिक येतो. चेंडूची भीती वाटणाऱ्या मुलाला आरंभी मऊ चेंडू द्यावा. अगदी लहान वयात 'टी-बॉल' खेळवला जातो. त्यात चेंडू कमरेइतक्या उंच दांड्यावर ठेवलेला असतो आणि मूल तो टोलवते. पुढच्या टप्प्यावर प्रशिक्षक स्वतः हळू चेंडू फेकतो. बदलीखेळाडू बाकावरच बसून राहू नयेत म्हणून लिटल लीगच्या नेहमीच्या सामन्यांत प्रत्येक मुलाला किमान एकदा फलंदाजी आणि प्रतिस्पर्ध्यांचे सहा खेळाडू बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण देणे बंधनकारक आहे. असा नियम करावा लागला, यातच पुष्कळ काही आले.

प्रौढांच्या महत्त्वाकांक्षेचा हा प्रश्न जुना आहे. विल्यम्सपोर्टमध्ये १९४७ साली अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि तिचा पसारा वाढत गेला. संस्थेचे हे वळण स्टॉट्झ यांना रुचले नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते तिच्यापासून दूर झाले आणि त्याच शहरात आपली छोटी स्थानिक लीग चालवत राहिले.

खांदा आणि कोपर

पिचरच्या हातावर येणारा ताण हा या विषयाचा सर्वांत गंभीर भाग आहे. क्रिकेटमधील गोलंदाज हात सरळ ठेवतो. पिचर मात्र कोपर वाकवून पूर्ण जोराने चेंडू फेकतो आणि कोपराच्या आतील अस्थिबंधावर प्रत्येक फेकीला ताण पडतो. हा अस्थिबंध तुटल्यास करावयाची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. नामांकित खेळाडूंसाठी शोधलेला हा उपचार पुढे शाळकरी मुलांवरही करण्याची वेळ आली. ९ ते १४ वर्षे वयाच्या ४८१ पिचरचा दहा वर्षे मागोवा घेणारे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. वर्षात १०० हून अधिक डावांत चेंडू फेकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट असल्याचे त्यात आढळले.

जपानमध्ये शालेय बेसबॉलला राष्ट्रीय उत्सवाचे स्वरूप आहे. तेथील कोशिएन मैदानावर २०१८ च्या उन्हाळी स्पर्धेत कोसेई योशिदा या पिचरने सहा सामन्यांत ८८१ चेंडू फेकले. त्याचे कौतुक झाले आणि काळजीही व्यक्त झाली. जपानच्या शालेय बेसबॉल महासंघाने २०२० पासून आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा लागू केली.

लिटल लीगने त्याआधी, २००७ सालीच, डावांऐवजी चेंडू मोजण्यास प्रारंभ केला होता. ७ व ८ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०, ९ व १० वर्षांच्या मुलाला ७५, तर ११ व १२ वर्षांच्या मुलाला ८५ चेंडू फेकता येतात. एका दिवसात ६६ किंवा अधिक चेंडू टाकल्यास १४ वर्षांपर्यंतच्या खेळाडूने चार दिवस विश्रांती घ्यावी लागते. चेंडूंची नोंद सामन्याचा गुणलेखक किंवा नेमलेला अन्य अधिकारी ठेवतो आणि मर्यादा गाठली की पंचांना कळवतो. त्याच्याकडून कळवायचे राहून गेले, तरी पिचरला वेळेत थांबवण्याच्या जबाबदारीतून संघ व्यवस्थापकाची सुटका होत नाही, असे नियमात स्पष्ट नमूद आहे.