पोर राखायची रीत

आमच्या निमगाव केतकीत पोरं सांभाळायची एकच एक रीत कधीच नव्हती. आळीत पाच घरं असली तर पाच तऱ्हा. एका घरात दिवेलागणीला पोरगं उंबऱ्याच्या आत पाहिजे, दुसऱ्या घरात ते जेवायच्या वेळेला सापडलं तरी पुष्कळ. आणि प्रत्येकाला शेजारच्याचं चुकतंय असंच वाटायचं. "त्यांनी पोरं मोकाट सोडल्यात" आणि "त्यांनी पोराला कोंबडीगत डालून ठेवलंय", ही दोन वाक्यं मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण मागचं सगळं आठवलं की ध्यानात येतं, पोर कसं राखायचं हे आईबापाच्या मायेवर कमी आणि त्यांच्या कामावर जास्त ठरत होतं.

आमचं गाव पानमळ्यांचं. पानमळ्याचं काम रोजचं, सावलीतलं आणि सगळ्या घरानं मिळून करायचं. शेवरी, शेवगा, पांगाऱ्याच्या सावलीत वेल चढलेले असायचे. आई पानं खुडायची, पोर तिथंच वाफ्याच्या कडेला. मळ्यात पायताण घालून जायचं नाही, वेल ओढायचा नाही, हे पोराला बोलता येण्याआधी कळायचं. अशी पोरं दिवसभर आईबापाच्या नजरेखाली वाढली, म्हणून ती शिस्तीची दिसायची.

ज्यांचं रान जिरायत, त्यांची गोष्ट वेगळी. बाजरी-ज्वारीवर वरीस निघत नसे. नवरा-बायको दोघंही दुसऱ्याच्या बांधावर रोजगाराला जायची. तान्हं पोर म्हातारीपाशी, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. जरा मोठं झालं की शेरडांमागं. लोक त्याला मोकाट म्हणायचे, पण ते पोर सात-आठ वर्षांचं असताना घराला कमवून देत होतं.

या सगळ्या तऱ्हांवर एक पांघरूण होतं, ते म्हणजे आळीची नजर. आडाजवळ कुणाचंही पोर दिसलं तर कुणीही त्याचा दंड धरून मागं ओढायचं, वर एक धपाटा द्यायचं. घरी जाऊन सांगितलं तर आई म्हणायची, "बरं केलं." ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं म्हणजे आळीचे राखणदारच. पण त्या काळाचं नुसतं कौतुक करू नये. आडाला कठडा नसायचा, गवतात जनावर असायचं, आणि आळीची नजरसुद्धा कधीतरी चुकायची. पोर गेलेली घरं प्रत्येक गावात होती. त्या घरासमोरून जाताना बाया आवाज खाली करायच्या.

१९७२ च्या दुष्काळानं सगळ्या तऱ्हा एका जागी आणल्या. बागायतदार काय अन् जिरायतदार काय, सगळी खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीवर. बाभळीला झोळ्या टांगलेल्या. जिच्या हातात हातोडी उचलायचं बळ नाही अशी एखादी म्हातारी झोळ्यांना झोका देत बसायची. कुणाचं पोर रडतंय हे न विचारता तोंडात सुकडीची चिमूट घालायची. कुणी सांगितलं नव्हतं, बायांनी आपसात ठरवलेलं. पुढं २००५ साली देशाचा रोजगार हमीचा कायदा झाला. त्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असतील तर त्यातल्याच एका बाईला त्यांच्याकडं लक्ष द्यायला ठेवायचं आणि तिला बाकीच्यांसारखीच मजुरी द्यायची. म्हणजे पोर राखणं हे मजुरी देण्याजोगं काम आहे, हे सरकारनं कागदावर मान्य केलं.

आमच्या भागात साखर कारखाने उभे राहिले तसे हिवाळ्यात नवे शेजारी येऊ लागले. बीड, नगरकडचे ऊसतोडकरी. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजुरी टनावर आणि उचल आधीच घेतलेली. पहाटेच्या अंधारात दोघं फडात, आणि पोर पाचटावर धडप्यात गुंडाळलेलं. गावातल्या बाया बघून म्हणायच्या, "काय बाई काळीज यांचं!" काळीज सगळ्यांचं सारखंच असतं. एक दिवस कोयता घरी ठेवला तर उचल फिटत नाही, म्हणून पोर फडात यायचं.

या सगळ्यात जिनं खरी किंमत मोजली ती थोरली बहीण. माझी बहीण तिसरीतनं घरी बसली, कारण आई रोजगाराला जायची आणि मी कडेवर होतो. मी दहावीपर्यंत गेलो, ती अक्षरं जुळवत पोथी वाचते. असं घरोघर होतं. महात्मा फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढं सांगितलं होतं की बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा. पण नुसत्या सक्तीनं थोरली शाळेत कशी येणार? कडेवरचं पोर कुठं ठेवणार? याचं उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काढलं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या लहान पोरांसाठी काम सुरू केलं. पुढं कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणात नेली. पोरांना नावं ठेवण्याऐवजी त्यांच्या कामाची अडचण सोडवली.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हळूहळू गावोगाव पोचली. फार मोठं काम झालं. पण अंगणवाडी काही तासांची आणि रानातलं काम दिवसभराचं. उरलेल्या वेळेला आळी होती, तोवर भागत होतं.

आता आळीच पांगली. पाणी आलं, वीज आली, डाळिंब आलं, तशी माणसं गावठाण सोडून रानात वस्तीला गेली. शेजारचं घर हाकेच्या पलीकडं. म्हातारी एकटी, तान्हं तिच्यापाशी, आणि ते गप बसावं म्हणून हातात मोबाईल. दुसऱ्याच्या पोराला कुणी बोललं तर भांडण होतं. पोराला मारू नये हे बरोबरच आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतली छडीही बंद केली. पण धपाट्याबरोबर शेजाऱ्याची हाकही बंद झाली.

आणि धोका मात्र वाढलाय. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्याच्या आधीपासून फळबागांना शेततळी होतीच. त्या पाण्यावर आमची बाग उभी आहे, ते नको असं मी म्हणणार नाही. पण जुन्या विहिरीला पायऱ्या होत्या, दगडाच्या खाचा होत्या. पाठीला पांगाऱ्याचं वाळकं लाकूड बांधून पोरं तिच्यात पोहायला शिकायची. शेततळ्याला चारी बाजूंनी गुळगुळीत प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणाराही घसरून माघारी जातो. तिथं शिस्तीचं पोर आणि मोकाट पोर असा भेद राहत नाही.

तुकोबांची पालखी आमच्या गावात मुक्कामाला असते. त्या गर्दीत पोर चुकलं तर कुठलं, कुणाचं, हे विचारायच्या आधी कुणीतरी त्याला उचलून कर्ण्यापाशी नेतं. आई येईपर्यंत चार बाया त्याला घेऊन बसतात. म्हणजे ही रीत आम्ही विसरलेलो नाही. ती पालखीपुरती ठेवलीय एवढंच.

शेजाऱ्यानं पोर कसं वाढवावं हे त्याचं तो बघेल. पण शेततळ्याला सगळ्या बाजूंनी जाळी पाहिजे, फाटकाला कडी पाहिजे, आणि पाण्यात दोर व हवा भरलेली ट्यूब कायम सोडलेली पाहिजे. आपल्या घरात लहान पोर नसलं तरी पाहिजे. आणि बांधावरून कुणाचंही पोर तिकडं जाताना दिसलं तर हातातलं काम टाकून हाक मारावी. त्याची आई रागावली तर रागावू द्यावी.