सहा घोड्यांचं कूळ

सिंधुदुर्गात जुन्या इंजिनाला वय विचारत नाहीत, वजन विचारतात. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एखाद्या भंगाराच्या वखारीत पावसाळा ओसरताना शिरलं, तर कमरेएवढ्या रानातून बिडाचं एखादं चाक हमखास डोकावतं. दोन फूट व्यासाचं, आऱ्यांचं, कडेला गंज धरलेलं. त्याला चिकटून उभा सिलिंडर, वर हेड, आणि हेडवर चार बारीक भोकं. नावाची पितळी पाटी तिथे होती. ती सगळ्यांत आधी जाते, कारण पितळेचा भाव निराळा.

कोकणात कूळ म्हटलं की लोकांना आधी सातबारा आणि कूळकायदा आठवतो. या चाकाचा सातबारा त्या पाटीबरोबरच गेला. पण ओतकामाची ठेवण, चाकाचा घेर आणि हेडच्या बाजूचं ते छोटं फिरकीचं चाक पाहून जुना मिस्त्री सांगतो, ‘लिस्टर.’ तो सांगतो ते बरोबरच असतं, फक्त या शब्दाच्या पोटात किमान तीन गावं आहेत.

पहिलं गाव डर्सली, इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातलं. रॉबर्ट ॲश्टन लिस्टर याने १८६७ मध्ये तिथे कारखाना काढला तो इंजिनासाठी नव्हे. मेंढ्यांची लोकर कातरण्याची यंत्रं, दुधातली साय काढण्याची यंत्रं, लोणी घुसळण्याची पिंपं असा त्याचा शेतकरी-गवळ्यांचा धंदा. पेट्रोलची इंजिनं १९०९ नंतर आली आणि डिझेलचं इंजिन १९३० च्या आसपास. त्याला नाव दिलं सीएस, म्हणजे कोल्ड स्टार्ट. मालवणच्या हवेत हे नाव विनोदी वाटेल, पण त्यामागे एक जाच होता. त्याआधीची बरीचशी तेलाची इंजिनं ‘हॉट बल्ब’ जातीची होती. हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजाने १८९० मध्ये पेटंट घेतलेल्या या प्रकारात सिलिंडरच्या डोक्यावर एक लोखंडी गोळा असे. ब्लोलँपने तो नीट तापवायचा, तापला की मग चाक फिरवायचं. थंडीत त्यात अर्धा तासही मोडे. रुडॉल्फ डिझेलचा मार्ग वेगळा होता. हवाच इतकी दाबायची की तिच्या उष्णतेने तेल आपोआप पेटावं. फेब्रुवारी १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याच्या इंजिनाची जाहीर चाचणी झाली. लिस्टरने हीच युक्ती एका माणसाला हँडल मारून चालू करता येईल इतक्या आटोपशीर रूपात बसवली. दिवा नको, वाट पाहणं नको. कोल्ड स्टार्ट म्हणजे एवढंच.

या घराण्यातल्या सगळ्यांत नामी पोराचं नाव ‘सिक्स-वन’. सहा अश्वशक्ती, एक सिलिंडर. साडेचार इंच व्यास, साडेपाच इंच धाव, मिनिटाला ६५० फेरे. आकड्यांचा अर्थ लावायचा तर असा : मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांत मिळून जेवढी जागा असते, त्याच्या पावणेदोन पटीहून जास्त जागा या एकाच सिलिंडरात आहे, आणि ताकद मात्र सहा घोड्यांची. म्हणूनच ते मरत नाही. दर दोन फेऱ्यांना एक धमाका, म्हणजे सेकंदाला पाचाहून थोडे जास्त. कान देऊन मोजता येतील इतके सुटे.

चालू करण्याचा विधी ज्याने एकदा पाहिला तो विसरत नाही. हेडच्या बाजूची ती फिरकी आत आवळायची, म्हणजे हवा दाबली जाण्याची जागा कमी होते आणि दाब वाढतो. एका हाताने एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उचलून धरायचा, दुसऱ्या हाताने हँडल. पहिले चार फेरे जड, मग चाकाला गती येते. ती पुरेशी आली की व्हॉल्व्ह सोडायचा. एक मोठा ढुस्स, पाइपातून काळा गोळा, पुन्हा एक, आणि मग रांगेला लागलेले ठोके. इंजिनाने ताल धरला की फिरकी पुन्हा सैल करायची. हँडल वेळेवर काढलं नाही तर ते मनगटाचा हिशोब चुकता करतं.

दुसरं गाव येओविल, तेही इंग्लंडातच. तिथल्या पेटर कुटुंबातल्या पर्सिव्हल आणि अर्नेस्ट या जुळ्या भावांनी १८९५ मध्ये घोड्याविना चालणारी गाडी बनवली होती, पण पैसा मिळाला तो शेतातल्या इंजिनांवर. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, त्यांनी विमानांचं काम घेतलं. त्यातून वेस्टलँड ही कंपनी उभी राहिली, पुढे हेलिकॉप्टरांसाठी नावाजलेली. पेटर आणि लिस्टर आयुष्यभर एकमेकांचे स्पर्धक, शेवटी १९८६ मध्ये ‘लिस्टर-पेटर’ या एका नावाखाली नांदायला लागले. भाऊबंदकीचा असा निकाल कोकणात क्वचित लागतो.

महाराष्ट्रात हे वारं दोन वाटांनी आलं. एक साताऱ्याची. धनजीशहा कूपर यांनी सातारारोडला शेतीच्या अवजारांचा कारखाना उभारला, आणि भारतात डिझेल इंजिन बनवणाऱ्या अगदी पहिल्या कारखान्यांत त्याचं नाव घेतात. पुढे तो वालचंद समूहाकडे गेला. हेच कूपर १ एप्रिल १९३७ ला मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, झाले. काँग्रेसने सत्ता घ्यायला आढेवेढे घेतल्यामुळे मिळालेली ती खुर्ची जुलैत बाळासाहेब खेरांकडे गेली. इंजिनवाल्याचं मंत्रिमंडळ साडेतीन महिने चाललं. दुसरी वाट किर्लोस्करांची. लोखंडी नांगरापासून सुरुवात केलेल्या या घराने १९४६ मध्ये पुण्यात खडकीला ऑइल इंजिन्सची वेगळी कंपनी काढली, ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने. तिथून निघालेल्या ‘एव्ही-वन’चं नाव थेट पेटरच्या मालिकेतलं. पाच अश्वशक्ती, पण १५०० फेऱ्यांचं, म्हणजे लिस्टरच्या दुप्पट घाईचं आणि अंगाने सडसडीत. विहिरीवर तेच सोयीचं.

तिसरं गाव राजकोट. तिथल्या छोट्या-मोठ्या कारखान्यांनी लिस्टरची प्रत ओतायला घेतली ती आजतागायत. डर्सलीने १९८७ मध्ये हे इंजिन बंद केलं, राजकोटने नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. भुईमुगाच्या मुलखात या इंजिनाची वंशवेल वाढावी यात योगायोगच आहे, पण गमतीचा आहे. गंमत पुढेही आहे. अमेरिकेतल्या हौशी लोकांना ही गुजराती लिस्टरं हवी असत. धुराचे कायदे कडक झाल्यावर तिथे अख्खं इंजिन आणणं अवघड झालं, तर सुटे भाग मागवून घरी जोडण्याची शक्कल निघाली.

सिंधुदुर्गात इंजिनाचं खरं घर म्हणजे भाताची गिरण. त्याआधी भात कांडायचं ते व्हायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, मुसळाने, नाहीतर घिरटावर, म्हणजे भात भरडायच्या जात्यावर. दोन्ही बायकांच्या खांद्यावरची कामं. गिरणीत आलेला, भात सडणारा हलर ब्राझीलच्या कॉफीच्या मुलखातला. एव्हारिस्तो एंगेलबर्गने १८८५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, कारखाना मात्र अमेरिकेत सिराक्यूजला निघाला. आत कंगोऱ्यांचा लोखंडी रूळ, खाली जाळी, पलीकडे तांदूळ आणि जाळीखाली तूस-कोंडा एकत्र. या रगडपट्टीत सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाची कणी जास्त होते. उकडा तग धरतो, कारण उकडल्याने दाणा आतून घट्ट झालेला असतो. म्हणजे ब्राझीलचा हलर, ग्लॉस्टरशरच्या घडणीचं राजकोटी इंजिन, मधे कॅनव्हासचा पट्टा, त्यावर घसरू नये म्हणून राळ, आणि समोर सुपात उकड्या भाताचं पोतं. ठोके ऐकू आले की दोन वाड्यांपलीकडून निरोप जाई, ‘गिरण चालू आसा.’

मग वीज आली. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला तोवर बटण दाबून फिरणारी मोटर गावागावांत पोचू लागली होती. इंजिन लगेच हललं नाही. जून ते सप्टेंबर तारांवर झाडं पडतात हे प्रत्येक गिरणवाल्याला ठाऊक होतं, त्यामुळे ते कोपऱ्यात गोणपाट पांघरून बसून राहिलं. नंतर माडा-पोफळींच्या बागेत पाण्याला गेलं. त्यानंतर वखारीत.

समुद्राची गोष्ट वेगळी, तिथे गाडीचं इंजिन चालतं. ट्रॉलरच्या पोटात लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवतात, आणि ट्रकचं कूळ खाऱ्या पाण्यात उतरतं. मालवणात ‘सहा सिलिंडर’ हे शब्द किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांसमोर जपून उच्चारावेत. त्यांच्या लेखी तो यंत्राचा भाग नसून ट्रॉलरवाल्यांशी चाललेल्या भांडणातला समोरचा पक्ष आहे.

अशा इंजिनांची हौस म्हणून अदलाबदल होते ती दुसरीकडे. इंग्लंडात ब्यूली इथे १९६७ पासून ‘ऑटोजंबल’ भरतं. जुन्या गाड्यांचे दिवे, कार्बुरेटर, चाकं ताडपत्रीवर मांडून घासाघीस. आपल्याकडे त्याला जवळचा म्हणजे पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, नाहीतर मुंबईच्या चोरबाजारातली मटन स्ट्रीट. तिथे पान्याशेजारी पितळी समई आणि समईशेजारी ॲम्बेसेडरची हेडलाइट. तिथलं गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन ‘कुठल्या सालचं?’ म्हणून विचारतं. ब्यूलीत लिस्टर हिरवा रंग देऊन, पितळी पाटीला चकाकी आणून उभं असतं. महामार्गालगतच्या वखारीत तेच तीनशे किलोंच्या वर भरतं आणि काट्यावर चढवायला चार माणसं लागतात. चाकं घणाने फोडून वेगळी विकली तर उचलायला सोपं.

काही जुन्या गिरणींत मोटरचा पट्टा आज सरळ हलरवर जातो. इंजिन होतं तिथे सिमेंटचा चौथरा आहे आणि त्यातून वर आलेले चार बोल्ट. ते कापायला कुणी वेळ काढलेला नाही. त्यांच्यावर फळी टाकली आहे, आणि फळीवर भात मापायची पायली.