निगेटिव्हची मालकी आणि छायाचित्राचा हक्क

लेखासोबतच्या छायाचित्रांचे मानधन चुकते झाले की त्यांवरील सारे हक्क मासिकाकडे जातात, ही समजूत नियतकालिकांच्या व्यवहारात चांगलीच रुळलेली असली, तरी कायद्याचा इतिहास तिला फारसा आधार देत नाही. ब्रिटनमध्ये 1862 च्या कायद्याने छायाचित्राला प्रथमच प्रताधिकार, म्हणजे प्रती काढण्याचा अनन्य हक्क, मिळाला. परंतु निगेटिव्हच्या पहिल्या विक्रीच्या वेळी लेखी करार झाला नसेल, तर हा हक्क विकणाऱ्याकडे उरत नसे आणि घेणाऱ्यालाही मिळत नसे, असा चमत्कारिक पेच त्यात होता.

1911 चा ब्रिटिश कायदा 1914 मध्ये काही फेरफारांसह भारतात लागू झाला. त्यानुसार निगेटिव्ह तयार होताना ती ज्याच्या मालकीची असे, तोच छायाचित्राचा कर्ता मानला जाई. साहजिकच स्टुडिओतील नोकराने टिपलेल्या चित्राचा कर्ता मालक ठरे.

1957 च्या भारतीय कायद्याने छायाचित्र घेणारी व्यक्ती हीच कर्ता ठरवली, मात्र पहिली मालकी तीन वाटांनी विभागली. पगारी छायाचित्रकाराने नियतकालिकासाठी काढलेल्या चित्रावर, वेगळा करार नसल्यास, मालकाचा हक्क केवळ नियतकालिकातील प्रसिद्धीपुरता असतो. पुस्तक वा दिनदर्शिका यांसाठीचा हक्क छायाचित्रकाराकडेच राहतो. मोबदला देऊन मुद्दाम काढवून घेतलेल्या चित्राची मालकी, तसाच करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे जाते, आणि ही तरतूद छायाचित्रकारावर अन्याय करणारीच म्हणावी लागेल. लेखकाने आपणहून काढून लेखाबरोबर दिलेले चित्र मात्र या दोन्हींत बसत नाही: त्यात मासिकाला छापण्याची परवानगी मिळते, हक्क मिळत नाही, कारण हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. हस्तांतरणपत्रात मुदत व प्रदेश नमूद नसल्यास ते पाच वर्षांपुरते आणि भारतापुरतेच समजावे, अशी भर 1994 मध्ये पडली.

मालकी आणि श्रेय या अर्थात निराळ्या गोष्टी आहेत. छायापत्रकार होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे मुंबईत पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. हक्क विकल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा अधिकार शाबूत ठेवणारे कलम पुढे 1957 च्या कायद्यात आले.

2012 च्या दुरुस्तीने छायाचित्रांची मुदत प्रसिद्धीपासून न मोजता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत नेली. त्यामुळे जुन्या अंकातील, मुदत न संपलेले चित्र पुन्हा छापू इच्छिणाऱ्याने संपादकाच्या होकारावर न थांबता मूळ करार पाहावा, आणि तो नसेल तर छायाचित्रकाराचे वारस शोधावेत.