तळटीप ४२ : ‘रात्रीचा स्नॅपशॉट लावला’

४२. मानकोली हे भिवंडी तालुक्यातले (जि. ठाणे) गाव मुंबई-नाशिक महामार्गावर आहे आणि गोदामांसाठी ओळखले जाते. माल इथल्या शेडमध्ये असला, तरी त्याच्या नोंदी अनेकदा क्लाउडवर असतात.

स्नॅपशॉट म्हणजे क्लाउडमधल्या डिस्कची ठरावीक क्षणाची जपून ठेवलेली स्थिती. ॲमेझॉनच्या २००८ साली आलेल्या ईबीएस सेवेत पहिला स्नॅपशॉट डिस्कवरच्या सगळ्या डेटाचा असतो, पुढचे फक्त बदललेल्या ब्लॉकचे. ५०० जीबीच्या डिस्कवर दिवसभरात २ जीबी बदलले, तर रात्री साधारण तेवढेच साठते. ‘लावला’ म्हणजे जुनी डिस्क पुसली असे नव्हे. स्नॅपशॉटमधून नवी डिस्क तयार करून ती सर्व्हरला जोडतात. स्नॅपशॉट रात्री २ चा आणि बिघाड दुपारी ४ चा असेल, तर मधल्या १४ तासांच्या आवक-जावक नोंदी चलनांवरून पुन्हा भराव्या लागतात. मूळ मजकुरातली धावपळ त्यासाठीच आहे.

स्नॅपशॉट मूळ डिस्कच्याच खात्यात ठेवून निश्चिंत होणे धोक्याचे. जून २०१४ मध्ये ‘कोड स्पेसेस’ या कंपनीच्या ॲमेझॉन खात्यात हल्लेखोर शिरला आणि त्याने डिस्कबरोबर स्नॅपशॉटही पुसले. कंपनी बंद पडली.

म्हणून एक प्रत वेगळ्या खात्यात आणि दुसऱ्या शहरात हवीच. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू झाला, हैदराबादचा २०२२ मध्ये. तेव्हापासून त्या सेवेत दुसरी प्रत देशातच ठेवता येते.