टोपीवाल्यांचा खटला

मक्तेदारीविरुद्धचा कायदा म्हटला की गिऱ्हाइकाला हायसे वाटते. आम्ही कामगार मात्र त्याच्याकडे जरा सावधपणे पाहतो. त्याला कारण आहे, आणि ते अमेरिकेत घडले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे तेल, साखर, दारू या धंद्यांतले बडे मालक 'ट्रस्ट' करून एक झाले. भाव त्यांनी ठरवावा आणि लहान दुकानदाराने बुडावे, असा कारभार. लोकांची ओरड झाली, तेव्हा १८९० साली शर्मन कायदा आला. व्यापार अडवणारे संगनमत हा गुन्हा ठरला. शिवाय ज्याचे नुकसान झाले त्याला तिप्पट भरपाई मागण्याची मुभा मिळाली. तक्रारदाराच्या हाती खरेच एक शस्त्र आले.

पण ते उचलले कोणी? कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी हे टोप्या बनवणारे गाव. तेथील लोवे यांच्या कारखान्यात १९०२ साली युनियनच्या मान्यतेसाठी संप झाला. कामगारांनी त्या मालावर बहिष्कार पुकारला व देशभरच्या संघटनांनी साथ दिली. मालक शर्मन कायदा घेऊन न्यायालयात गेला. दाव्याच्या आरंभीच सभासदांची घरे आणि बँकेतली शिल्लक यांवर जप्ती बसली. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, हाही व्यापार अडवणारा कटच! १९१५ साली अडीच लाख डॉलरांवर भरपाई कायम झाली, तीही एकेका सभासदाच्या माथी. १९१६ साली एक दिवस ठरवून देशभरच्या कामगारांकडे एका तासाची मजुरी मागण्यात आली. वर्गणी गोळा करण्यात माझे आयुष्य गेले आहे. दुसऱ्याचे छप्पर वाचवण्यासाठी दिलेल्या तासाचे मोल मी जाणतो.

माणसाचे श्रम हा विक्रीचा माल नव्हे, असे १९१४ च्या क्लेटन कायद्याने म्हटले होते. तरी १९२१ साली न्यायालयाने त्याचा अर्थ आखडला. १९३२ चा नवा कायदा आणि १९४१ चा निकाल यांनंतरच संघटनांना खरी मोकळीक मिळाली.

आपल्याकडे १९६९ साली मक्तेदारीविरुद्ध कायदा झाला, पुढे २००२ साली स्पर्धा कायदा. आज कोणीही, गिऱ्हाईक असो वा दुकानदार, ठरलेली फी भरून स्पर्धा आयोगाकडे माहिती देऊ शकतो. सकृद्दर्शनी तथ्य दिसले, तर महासंचालकांकडून चौकशी होते आणि बाजू ऐकून निर्णय दिला जातो.

हे दार आपण वापरले पाहिजे. नाहीतर तेथे आधी पोहोचतो तो पैसेवाला. मात्र भाव चढवण्यासाठी केलेली व्यापाऱ्यांची एकी आणि पोटासाठी केलेली कामगारांची एकी एकाच तराजूत घालू नका. डॅनबरीच्या टोपीवाल्यांनी तो धडा आपली घरे पणाला लावून शिकवला आहे.